नव्या उत्पादनासाठी सर्वेक्षण करताय? या चुका टाळा

समजा, नाचणीच्या डोशाचं तयार पीठ बाजारात आणायचंय. गूगल फॉर्म केला, सोसायटीच्या आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, बहुतेकांनी 'हो, नक्की घेऊ' कळवलं. पहिली खेप दळायला टाकण्याआधी आपलाच प्रश्न पुन्हा वाचा.

'आमचं पौष्टिक आणि स्वस्त पीठ तुम्ही विकत घ्याल का?' एवढ्याशा वाक्यात तीन घोटाळे आहेत. 'पौष्टिक' म्हणून आपणच उत्तर सुचवलं. दोन गोष्टी एकत्र विचारल्या, त्यामुळे 'हो' नेमकं कशाला ते कळत नाही. आणि 'घ्याल का' हा सगळ्यात मोठा घोटाळा. ओळखीचं माणूस तोंडावर नाही म्हणत नाही, शिवाय हो म्हणायला पैसे पडत नाहीत. म्हणून घडून गेलेलं विचारा. तयार पीठ शेवटचं कधी आणलं? केवढ्याला? काल नाश्त्याला काय केलं होतं? ज्या घरात वर्षभरात एकदाही तयार पीठ आलं नाही, तिथलं 'नक्की घेऊ' मी तरी धरणार नाही.

उत्तरं कमी आली की फॉर्म आणखी दहा ग्रुपवर जातो. आकडा फुगतो, पण माणसं त्याच वर्तुळातली. अमेरिकेत १९३६ च्या अध्यक्षीय निवडणुकीआधी 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने सुमारे १ कोटी लोकांना कौल विचारणाऱ्या नमुना मतपत्रिका पाठवल्या. २० लाखांहून जास्त परत आल्या, त्यावरून रिपब्लिकन पक्षाचे उमेदवार आल्फ लँडन जिंकणार असं छापून आलं. प्रत्यक्षात त्यांचे प्रतिस्पर्धी, तेव्हाचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्यं जिंकली. पत्ते बरेचसे टेलिफोन डिरेक्टरीतून आणि मोटारींच्या नोंदणीतून घेतलेले, म्हणजे ऐन मंदीतही बऱ्या परिस्थितीतल्या लोकांचे. त्यातही उत्तर पाठवण्याचा उत्साह रूझवेल्टच्या विरोधकांनाच जास्त होता. पीठ जर नोकरी करणाऱ्या बायकांसाठी असेल, तर दुपारी निवांत फॉर्म भरणाऱ्यांच्या उत्तरांवर विसंबू नका.

लोक फॉर्म अर्ध्यावर सोडतात? नाव, नंबर, उत्पन्न सुरुवातीलाच विचारलं असणार. ते शेवटी न्या, उत्पन्न तर काढूनच टाका. फॉर्म पाठवण्याआधी चार-पाच जणांना शेजारी बसवून मोठ्याने वाचत भरायला सांगा. जिथे 'म्हणजे काय?' असं विचारतील, तो प्रश्न बदला.

किमतीचा अंदाज मात्र फॉर्मवर काढू नका. पाव किलोची थोडी पाकिटं करून ठरवलेल्या भावाने विका, आणि दुसऱ्यांदा कोण मागायला येतं ते वहीत लिहीत जा.