घरचा पर्जन्यमापक: २० मिलिलिटर म्हणजे १ मिलिमीटर

कोल्ड्रिंकची बाटली कापून तिला पट्टी चिकटवण्याचा प्रयोग शाळेपुरता ठीक. बाटलीचं बूड खाचाखोचांचं असतं, त्यामुळे हलक्या सरींचे आकडे हमखास चुकतात. त्यापेक्षा पाणी मिलिलिटरमध्ये मोजा.

आतून १६ सेंटिमीटर व्यासाचं, खोल नसराळं घ्या. उथळ नसराळ्यातून टपोरे थेंब उडून बाहेर जातात. तोंडाचं क्षेत्रफळ २०१ चौरस सेंटिमीटर भरतं, म्हणून जमलेल्या दर २० मिलिलिटरला १ मिलिमीटर पाऊस. वेगळ्या मापाचं नसराळं असेल तर त्रिज्येच्या वर्गाला ३.१४ ने गुणा आणि १० ने भागा. येतील तितके मिलिलिटर म्हणजे १ मिमी. व्यास दोन-तीन दिशांनी मोजा, १५.५ ला १६ धरलंत की पाऊस ६ टक्के कमी दिसतो.

खाली ५ लिटरचा कॅन, विटांच्या आधाराने घट्ट बसवलेला. तो २५० मिमीपर्यंत पुरतो. कोकणात किंवा घाटमाथ्यावर १० लिटरचाच ठेवा. नसराळं कॅनच्या तोंडात अगदी घट्ट बसलं तर हवा कोंडते आणि पाणी वरच तुंबतं. कॅनच्या खांद्याला, नसराळ्याच्या आडोशाला, खिळ्याने बारीक भोक पाडा.

खरी गफलत जागेत होते. गच्चीच्या कठड्यावर वारा उसळतो आणि थेंब नसराळ्यावरून पुढे निघून जातात. झाडाखाली, पागोळ्यांजवळ तर नकोच. अडथळा जितका उंच, त्याच्या किमान दुप्पट अंतर सोडा: घर ६ मीटर उंच असेल तर १२ मीटर. काठ जमिनीपासून ३० सेंटिमीटरवर आणि सपाट हवा. त्याहून खाली ठेवलात तर चिखलाचे शिंतोडे आत जातात. नसराळ्यात अडकलेलं पान रोज काढा.

नोंद सकाळी ८.३० ला, हवामान खात्याच्या वेळेला. आधीच्या २४ तासांचं पाणी आजच्या तारखेला लिहायचं. थोडं असेल तर सिरिंजने मोजा, जास्त असेल तर मोजपात्राने, मग कॅन रिकामा करा. २.५ मिमी झाला की तो ‘पावसाचा दिवस’, ६४.५ पासून पुढे ‘जोरदार’.

शेजारच्या गावाशी आकडा जुळला नाही म्हणून लगेच मापकावर संशय घेऊ नका. महाबळेश्वरहून जेमतेम वीस किलोमीटर पूर्वेला पाचगणीत पाऊस निम्म्याच्याही खाली येतो. एखादा दिवस मोजायचा राहिला तर तिथे शून्य लिहू नका. रेघ मारा आणि दुसऱ्या दिवशीच्या आकड्यापुढे ‘दोन दिवसांचा’ असं लिहा.