लोहाराकडून मनासारखी सुरी घडवून घेताना

सुरी कशासाठी हवी आणि दिसायला कशी हवी, हे तुमचं ठरलंय असं धरून चालतो. इथलं माप भाजी-मटणाच्या रोजच्या सुरीचं आहे: पातं 18 सेंटीमीटर, मुठीजवळ रुंदी साडेचार सेंटीमीटर. याहून अरुंद केलीत तर कापताना बोटांची पेरं पाटावर आपटतात. 2016 च्या शस्त्र नियमांनुसार 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पात्याची सुरी शस्त्रात मोडते. घरकाम आणि शेतीसाठी घडवलेल्या सुऱ्या त्यातून वगळल्या आहेत, पण खंजिरासारखं दुधारी काही करून मागू नका.

पोलाद जीपच्या कमानीच्या (लीफ स्प्रिंगच्या) पाट्याचं घ्या. ट्रकचा पाटा फार जाड, तो ठोकून पातळ करण्यातच लोहाराचा वेळ जातो. भंगारातला पाटा स्वस्त मिळतो म्हणून घ्या, असं सर्रास सांगतात, ऐकू नका. वर्षानुवर्षं लचकलेल्या पाट्यात न दिसणाऱ्या चिरा असू शकतात आणि त्या पाणी देताना, म्हणजे तापवलेलं पातं एकदम थंड करून कडक करताना, उघडतात. कमानी दुरुस्त करणाऱ्या गॅरेजात नव्या पाट्याचा तुकडा मिळतो.

लोहार एकाच गावात कायम राहणारा बघा. रस्त्याकडेला पाल टाकलेल्या घिसाड्यांच्या हातात कसब असतं, पण या कामासाठी तीन-चारदा जावं लागतं आणि तोवर ते पुढच्या गावी गेलेले असतात. पेरणीच्या तोंडावर आणि ऊसतोडीच्या आधी जाऊ नका. तेव्हा भट्टीला उसंत नसते.

आता जाडी. मला सगळ्यात जास्त झगडावं लागलं ते इथेच. कागदावरच्या चित्रात लांबी-रुंदी दिसते, जाडी दिसत नाही. लोहाराचा हात कोयत्यावर बसलेला असतो आणि कोयता जाडच हवा. त्यामुळे चित्र तुमचं असलं तरी सुरीची पाठ पाच मिलिमीटरची निघते. अशी सुरी कितीही पाजळा, गाजर कापत नाही, फोडते. बटाट्यात अर्ध्यावर अडकते. लोक धारेला दोष देतात आणि पुन्हा पुन्हा धार लावत बसतात. दोष धारेच्या मागच्या जाडीचा असतो.

तोंडी ‘पातळ करा’ सांगून भागत नाही. पत्र्याच्या तुकड्याला कडेने तीन खाचा पाडा: 3, 2 आणि 1 मिलिमीटरच्या. पाठ मुठीजवळ पहिल्या खाचेत बसली पाहिजे, मध्यावर दुसरीत, टोकाच्या इंचभर आधी तिसरीत. हा पत्रा आणि पातळ फळीतून कापलेला पूर्ण मापाचा नमुना लोहाराच्या हाती द्या. नमुना आधी घरी पाटावर चालवून बघा. मुठीचा कोन हाताला बोचतो की नाही ते तिथेच कळतं.

धारेच्या बाजूला मात्र आधीच पातळ करायला लावू नका. पाणी देण्यापूर्वी तिथे सुमारे एक मिलिमीटर जाडी राहू द्या, नाहीतर पातं वाकतं किंवा तडकतं. उरलेलं पाणी दिल्यावर घासून काढायचं, अर्धा मिलिमीटर किंवा त्याहून कमी होईपर्यंत. या घासण्याच्या वेळी तिथे उभे राहा. पातं दर थोड्या वेळाने पाण्यात बुडवायला सांगा. कडेला निळा रंग चढला तर तिथलं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरलं, आणि वरून पॉलिश मारलं तरी ते परत येत नाही. असं पातं मी घेत नाही, तुम्हीही घेऊ नका.

पाणी देणं म्हणायचं, पण कमानीच्या पोलादाला तेलच द्यायला सांगा. साध्या पाण्यात ते तडकण्याची भीती असते. लोहचुंबक चिकटेनासा झाला की पातं अजून थोडं तापवून तेलात. थंड झाल्यावर कडेवर कानस फिरवा, ती घसरली पाहिजे. कानस चावली तर पाणी पुन्हा द्यावं लागेल. मग लगेच घरच्या ओव्हनमध्ये 200 अंशांवर दोन तास ठेवा, नाहीतर धार ठिसूळ राहते.

मूठ बाभळीची किंवा शिसवीची, पितळी खिळ्यांनी बसवलेली.

हे पोलाद गंजतं. कांदा-लिंबू कापल्यावर लगेच धुवा, पुसा, आणि काही दिवस वापरणार नसाल तर खोबरेल तेलाचं बोट फिरवून ठेवा.