रजोनिवृत्तीच्या काळात वनौषधी सुचवण्यापूर्वी

अंगातून उष्णतेच्या लाटा येतात म्हणून एखादी वनौषधी सुचवायची असेल, तर तिच्यावरील अभ्यासात प्लासिबो (औषधासारखी दिसणारी, पण औषध नसलेली गोळी) दिलेला तुलनागट होता का, हे सर्वप्रथम पाहावे. या तक्रारीत केवळ प्लासिबोनेही अनेक स्त्रियांना बराच आराम पडतो, त्यामुळे तुलनागटाशिवाय केलेल्या अभ्यासावरून औषधाचा गुण सिद्ध होत नाही. ब्लॅक कोहोश या बहुचर्चित वनस्पतीच्या बाजूने २०१२ च्या कॉक्रेन पुनरावलोकनात (उपलब्ध अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यात) पुरेसा पुरावा आढळला नाही, शिवाय तिच्या सेवनानंतर यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही आहेत.

त्यानंतर स्त्री जे काही घेते ते सारे, अगदी नैसर्गिक म्हणून सांगायचे राहून जाते तेही, विचारून लिहून घ्यावे; माझ्या मते संपूर्ण तपासणीत याहून मोलाचे काम नाही. सेंट जॉन्स वर्ट या वनौषधीमुळे गर्भनिरोधक गोळ्यांतील संप्रेरकांचे विघटन वेगाने होते आणि गोळीचा भरवसा कमी होतो. लेव्होथायरॉक्सिन हे थायरॉईडचे औषध घेणाऱ्या स्त्रीने लोह किंवा कॅल्शियमची गोळी त्यापासून चार तासांच्या अंतराने घ्यावी. केसांसाठी घेतलेल्या बायोटिन या जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेमुळे थायरॉईडच्या रक्ततपासणीचे आकडे चुकीचे येऊ शकतात, म्हणून तपासणीपूर्वी ते कधी थांबवायचे हे प्रयोगशाळेला विचारावे.

उपचारापूर्वी लाटांची रोजची नोंद ठेवण्यास सांगावे, म्हणजे पुढील तुलना आठवणीवर अवलंबून राहत नाही. पाळी कायमची थांबल्यानंतर रक्तस्राव झाल्यास मात्र कोणतीही वनौषधी न देता तिला तातडीने स्त्रीरोगतज्ज्ञाकडे पाठवावे.