पीएचडी करायची का? आधी एक उन्हाळा देऊन बघा

दिवाळीची सुट्टी संपत आली की ज्युनिअर मुलामुलींचे मेसेज सुरू होतात. "ताई, अकॅडमीचा फॉर्म भरू का?", "ताई, आमच्या कॉलेजातल्या मुलांना आयुकात घेतात का?" वेळ अगदी बरोबर असते, कारण उन्हाळी प्रकल्पाचे, म्हणजे सुट्टीत संशोधन संस्थेत जाऊन एखाद्या गाईडकडे काम करण्याचे, अर्ज उन्हाळ्यात भरायचे नसतात. एप्रिलमध्ये जागं झालेल्याच्या हाती ओळखीपाळखीने मिळेल तेवढंच उरतं.

कार्यक्रमांची नावं पटकन सांगून टाकते. बंगळुरूची इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेस, दिल्लीची इन्सा आणि प्रयागराजची नासी या तीन विज्ञान अकादमींची मिळून दोन महिन्यांची फेलोशिप असते आणि तिची मुदत बहुतेक नोव्हेंबरअखेर संपते. मुंबईच्या टीआयएफआरचा (टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा) व्हीएसआरपी हा उन्हाळी कार्यक्रम आहे, त्याच संस्थेच्या पुण्यातल्या एनसीआरए या रेडिओ खगोलशास्त्र केंद्राचा आहे, शेजारी आयुका या खगोलशास्त्र केंद्राचा आहे, बंगळुरूच्या जेएनसीएएसआर या संशोधन संस्थेचा आहे. यांच्या तारखा हिवाळाभर पसरलेल्या असतात आणि दर वर्षी थोड्या हलतात, म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी यादी न बघता त्या त्या संस्थेची वेबसाइट बघा. एफवायला असाल तर मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा एनआययूएस कार्यक्रम नक्की बघा. 2004 पासून चालू आहे आणि तो खास पदवीच्या मुलांसाठीच आहे. गणितवाल्यांसाठी 1993 पासून चालणारं एमटीटीएस शिबिर आहे. त्यात संशोधन नसतं, पण चार आठवड्यांत गणिताकडे बघण्याची सवयच बदलते असं तिथे गेलेले सगळे सांगतात.

विज्ञानाच्या पदवीसाठी केंद्र सरकारची इन्स्पायर शिष्यवृत्ती मिळणाऱ्यांना वेगळं सांगायला हवं. वर्षाच्या 80,000 रुपयांपैकी 20,000 उन्हाळी प्रकल्पासाठीच असतात. आपल्याकडे बरीच मुलं कॉलेजातल्याच एखाद्या सरांची सही घेऊन, नेटवरून उचललेली पंचवीस पानं बांधून मोकळी होतात. सरकार पैसे देऊन तुम्हाला प्रयोगशाळेत पाठवतंय आणि तुम्ही झेरॉक्सच्या दुकानात जाताय. मला तरी हे कधी कळलेलं नाही.

आपल्या विद्यापीठांच्या मुलांची खरी गोची असते ती तारखांची. हे कार्यक्रम मे महिन्यात सुरू होतात, आणि आपले पेपर मे संपेपर्यंत रेंगाळतात, कधी जूनमध्येही जातात. निवड झाली आणि वेळापत्रक आडवं आलं, असं दर वर्षी कुणाचं तरी होतं. अर्जातच स्पष्ट लिहा की आमची परीक्षा अमुक आठवड्यापर्यंत चालू शकते. एकट्या गाईडकडे जायचं असेल तर बहुतेक जण पंधरा दिवस मागेपुढे करतात. सगळ्यांना एकत्र व्याख्यानं असतात अशा कार्यक्रमात मात्र ही सवलत मिळणं अवघड असतं.

आता अर्जातलं ते लिखाण. "मला लहानपणापासून ताऱ्यांची आवड आहे" हे वाक्य खोडा. निवड करणाऱ्यांनी ते इतक्या वेळा वाचलेलं असतं की त्यांची नजर तिथे थांबतच नाही. तुम्ही हाताने काय केलंय ते लिहा. टीवायच्या प्रोजेक्टमध्ये सर्किट चालत नव्हतं तेव्हा दोष कसा शोधला, पायथनमध्ये काय लिहिलं, कोणतं पुस्तक कुठल्या प्रकरणापर्यंत सोडवलं. थेट प्राध्यापकांना ईमेल करणार असाल तर एकच मजकूर चाळीस जणांना पाठवू नका, लगेच ओळखू येतो. आर्काइव्ह (arXiv) या वेबसाइटवर त्यांचा अलीकडचा एक पेपर फुकट मिळतो. सगळा कळणार नाही, कुणालाच पहिल्यांदा कळत नाही. प्रस्तावना वाचा, पहिली आकृती नीट बघा आणि तिच्याबद्दल एक खरा प्रश्न विचारा. उत्तर नाही आलं तर दोन आठवड्यांनी एकदा आठवण करा, मग सोडून द्या.

एवढं झाल्यावर आत गेल्यावर काय असतं ते सांगते, कारण कार्यक्रमांच्या माहितीपत्रकात ते कधीच नसतं.

माझा प्रकल्प खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या डेटावर होता. आमच्या जुन्नर तालुक्यातल्या मुलांना ती दुर्बीण नवीन नाही. 28 फेब्रुवारीला विज्ञान दिनाला शाळेच्या शाळा खोडदला जातात, 45 मीटर व्यासाच्या अँटेनेखाली उभं राहून फोटो काढतात. तरी माझ्या डोक्यात असंच होतं की दुर्बीण म्हणजे तिच्यातून काहीतरी दिसतं. माझ्या हाती आले ते नुसते आकडे. ही दुर्बीण म्हणजे अशा 30 अँटेना, आणि त्यांच्या 435 जोड्या होतात. प्रत्येक जोडीचा, प्रत्येक फ्रिक्वेन्सी चॅनेलचा, दर काही सेकंदांनी एक आकडा. त्यात आकाशातून आलेला सिग्नल इतका क्षीण की मोबाइलचे टॉवर, विजेच्या तारांवर उडणाऱ्या ठिणग्या, डोक्यावरून जाणारे उपग्रह असे सगळे त्याला गिळून टाकतात. हे बाहेरचं सगळं वेचून काढायचं, त्याला फ्लॅगिंग म्हणतात. तांदूळ निवडण्यासारखं काम, फक्त खडा कोणता आणि दाणा कोणता हे आधी शिकावं लागतं. कमी काढलं तर चित्रात पट्टे उमटतात, जास्त काढलं तर चित्र करायला डेटाच उरत नाही.

सुरुवातीचे आठवडे मी माझा स्रोत पाहिलाच नाही. 3सी286 नावाचा एक क्वेसार, म्हणजे फार दूरच्या दीर्घिकेचं तेजस्वी केंद्र, आहे. त्याची तीव्रता नेमकी माहीत आहे, म्हणून सगळी मापं त्याच्यावर लावून घेतात, याला कॅलिब्रेशन म्हणतात. आधी तो नीट यायला हवा. येत नव्हता. आलेख काढायचे, खराब भाग काढायचा, पुन्हा कॅलिब्रेशन, पुन्हा आलेख. एका संध्याकाळी पलीकडच्या टेबलावरचा पीएचडीचा सीनिअर चहाला बोलवायला आला, माझ्या स्क्रीनकडे उभ्या उभ्या बघितलं आणि म्हणाला, "सी11 चा फेज बघ." बघितला. मधल्या तासाभरात सी11 या एका अँटेनेचा फेज, म्हणजे तिच्याकडे येणाऱ्या लहरीचा ताल, वेड्यासारखा उड्या मारत होता आणि तिच्या सगळ्या जोड्या ती बिघडवत होती. तेवढा तास काढल्यावर पुढचं कॅलिब्रेशन सरळ आलं. त्याला दोन मिनिटांत दिसलं ते मला दिसत नव्हतं, कारण त्याने तसे हजारो आलेख पाहिले होते. हे कुठल्या पुस्तकात नसतं. संस्थेत जाऊन बसायचं ते मुख्यतः यासाठी.

शेवटी चित्र आलं. काळ्या पार्श्वभूमीवर एक ठिपका, शेजारी आणखी दोन. मी उड्या मारत गाईडकडे गेले. मॅडमनी चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाल्या, "छान. आता यात नॉइज किती आहे ते मोजून आण."

माझ्या बरोबर एक मुलगा होता, कोडिंगमध्ये माझ्यापेक्षा कितीतरी पुढे. त्याचं चित्र माझ्या आधी आलं, सादरीकरणही उत्तम झालं. पण मधल्या काळात तो पार कंटाळून गेला होता. तेच तेच पुन्हा करणं, आणि ते पाहणारं कोणी नाही, हे त्याला सोसवेना. मला त्यात एक प्रकारची चटक लागली होती; जेवतानाही कुठला चॅनेल काढायचा राहिला हेच डोक्यात असायचं. तो आज हिंजवडीत डेटाचंच काम करतो, चांगलं कमावतो. त्याचा उन्हाळा वाया गेला असं मी अजिबात म्हणणार नाही. उलट पाच-सहा वर्षं वाचली. प्रकल्प यशस्वी झाला का, यापेक्षा मधल्या त्या कंटाळवाण्या आठवड्यांत सकाळी उठून तिथे जावंसं वाटत होतं का, हे स्वतःला विचारा. पीएचडीत त्या आठवड्यांचीच वर्षं होतात.

गाईड मिळणं हा नशिबाचा भाग असतो, ते मान्य करायला हवं. माझा एक मित्र दुसऱ्या एका नावाजलेल्या ठिकाणी गेला होता. त्याचे गाईड जवळजवळ सगळा उन्हाळा परदेशात. भेट झाली ती शेवटी सर्टिफिकेटवर सही करताना. तिथल्या टेक्निशिअन काकांनी त्याला व्हॅक्यूम पंप खोलून परत जोडायला शिकवलं, गळती कशी शोधायची ते दाखवलं. तो म्हणतो, तेवढंच कमावलं, पण पक्कं कमावलं. त्यामुळे संस्थेचं नाव बघून हुरळून जाऊ नका. मिळालेल्या गाईडचे विद्यार्थी कोण आहेत ते शोधा आणि जाण्याआधी एकाला तरी फोन करा.

तिथे पोचल्यावरही जास्त लक्ष या पीएचडीच्या मुलांकडे ठेवा. सर आठवड्यातून किती वेळा भेटतात? कोणी मध्येच सोडून गेलंय का, का गेलं? पहिला पेपर यायला किती वर्षं लागली? जानेवारी 2023 पासून जेआरएफ, म्हणजे पीएचडीच्या पहिल्या दोन वर्षांची फेलोशिप, महिना 37,000 आणि पुढच्या वर्षांची एसआरएफ 42,000 आहे, पण फेलोशिप वेळेवर जमा होते का, हे कागदावर लिहिलेलं नसतं. हे प्रश्न सरांसमोर नाही, रात्री मेसमध्ये विचारायचे. मुलं भडाभडा बोलतात.

पैशांचं आणखी एक. स्टायपेंड असतो, पण बऱ्याचदा शेवटी किंवा त्यानंतर खात्यात येतो. पहिल्या महिन्याच्या मेसचे आणि प्रवासाचे पैसे घरून घेऊन निघावं लागतं. ते जमत नसेल तर आधीच कार्यालयाला लिहून विचारा, यात लाजायचं काही नाही. आणि घर सोडून जाणं शक्यच नसेल तर खगोलशास्त्रात तरी मार्ग बंद होत नाही. जीएमआरटीने 150 मेगाहर्ट्झवर केलेल्या टीजीएसएस आकाशसर्वेक्षणाची चित्रं कुणालाही उतरवून घेता येतात. एक मार्गदर्शक आणि एक बरा लॅपटॉप असला तर गावात बसून काम होतं. कला शाखेच्या मुलांना असे तयार कार्यक्रम फारसे मिळत नाहीत. इतिहासवाल्या मैत्रिणीने एका उन्हाळ्यात मोडी शिकून घेतली आणि एका अभ्यासकांकडे कागद वाचायला बसली. माझ्या मते तोही उन्हाळी प्रकल्पच.

तिथे असताना रोजची वही ठेवा. आज कोणती कमांड चालवली, का चालवली, काय बिघडलं, तारीख घालून. परत आल्यावर गाईडशी संपर्क तोडू नका. पुढे शिफारसपत्र लागेल तेव्हा वर्गात शिकवणारे सर "मुलगी कष्टाळू आणि प्रामाणिक आहे" असं लिहितील, आणि ज्यांनी तुम्हाला अडकलेलं आणि त्यातून बाहेर येताना पाहिलंय ते वेगळं काहीतरी लिहितील. वाचणाऱ्याला फरक कळतो.

रोजची ती वही पीएचडीच्या मुलाखतीतही कामी येते. यूजीसीच्या 2022 च्या नियमांनी चार वर्षांच्या पदवीनंतर 75 टक्क्यांवर थेट पीएचडीला अर्ज करता येतो, त्यामुळे तिथे आता आणखी लहान मुलं येतात. एनसीआरए आणि आयुकात तर उन्हाळी प्रकल्पाच्या शेवटीच मुलाखत होऊन पीएचडीची निवड आधी होऊ शकते. क्वांटम आणि स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्सचे प्रश्न असतातच, पण प्रकल्पाचं नाव काढलंत की समोरचे तिकडे वळतात. हा डेटा का काढलास? नाही काढला असता तर काय झालं असतं? एरर बार कुठून आला? "सर, ते पाइपलाइनने केलं", म्हणजे तयार सॉफ्टवेअरने केलं, हे उत्तर तिथे चालत नाही.