'घरी पडून लागलं': विद्यापीठात सेफ्टीचं काम करायला येणाऱ्यांसाठी

सायनच्या सेंट्रल लेबर इन्स्टिट्यूटमधून एडीआयएस (औद्योगिक सुरक्षेचा डिप्लोमा) करून बाहेर पडलेली मुलंमुली हल्ली मला विचारतात, ताई विद्यापीठात सेफ्टी ऑफिसरला काय काम असतं, तिथे कुठे बॉयलर आहे. मीही तेच समजून आले होते. तळोजा एमआयडीसीत साडेचार वर्षं काढली, रोज डोंबिवलीहून जायचं यायचं, घरी आले की आई म्हणायची आधी आंघोळ कर, अंगाला सॉल्व्हंटचा वास येतोय. मग इथली जागा निघाली तेव्हा सगळे म्हणाले घे, आरामाची नोकरी, दिवाळीची सुट्टी मिळेल. दिवाळीची सुट्टी मिळते, तेवढं खरं आहे.

फरक कुठे पडतो ते सांगते. कारखान्यात अपघात झाला की पुढचं सगळं ठरलेलं असतं, माणूस ४८ तास कामावर येऊ शकला नाही की कायद्याने वर कळवायचंच, आणि नाही कळवलं तर कधी ना कधी कोणीतरी येऊन रजिस्टर मागतं. विद्यापीठ म्हणजे कारखाना नाही, त्यामुळे इथे कोणी येऊन मागत नाही. बरं माणसं बघा किती प्रकारची, एकाच मजल्यावर पर्मनंट लॅब असिस्टंट, प्रोजेक्टवरचे जेआरएफ (ज्युनियर रिसर्च फेलो), पीएचडीची पोरं, कंत्राटी सफाईवाले, दुसऱ्याच कंत्राटाचे सिक्युरिटीवाले, एसी दुरुस्तीला आलेला मुलगा. हात सगळ्यांचा सारखाच कापतो, पण प्रत्येकाचा कागद वेगळ्या टेबलावर जातो. आणि पहिल्या कागदावर पहिलं वाक्य काय लिहिलं जातं त्यावर पुढचं सगळं बसतं, हे मला इथे आल्यावर आठव्या महिन्यात कळलं.

जुलै होता. दुपारी दोनच्या सुमाराला लिफ्टमन बोलता बोलता म्हणाला, मॅडम ती तिसऱ्या मजल्यावरची मावशी आज एका हाताने झाडू मारतेय. (नवीन लोकांनी पहिल्या आठवड्यात लिफ्टमन, गेटवरचा सिक्युरिटी आणि कॅन्टीनचा पोऱ्या यांच्याशी ओळख करून घ्या, बिल्डिंगमधल्या खऱ्या बातम्या त्यांच्याकडे असतात, एचओडीकडे (विभागप्रमुखाकडे) नसतात.) वर गेले तर मावशी जिन्यात बसलेली. सफाईच्या कंत्राटदाराचा सुपरवायझर माझ्या आधी पोचलेला आणि मी काही विचारायच्या आत म्हणाला, मॅडम तिला घरी पडून लागलंय, लिहून घेतलंय मी. कागदही दाखवला, खाली मावशीची सही. मावशीला विचारलं तर तीही मान खाली घालून म्हणाली, हो ताई, घरीच.

मी वाद घातला नाही. खाली बसून हात बघितला. अंगठ्याच्या मुळाशी टिश्यू पेपर गुंडाळलेला, रक्ताने कडक झालेला, आणि वरून टेप. ती टेप नीट बघितली आणि मला हसावं की रडावं कळेना. ऑटोक्लेव्ह टेप होती, ती फिकट पिवळट, जिच्यावर लॅबमधल्या वाफेने निर्जंतुक करायच्या मशीनमध्ये गरम झाल्यावर काळ्या रेघा उमटतात. मानखुर्दच्या चाळीत कुणाच्या घरी ऑटोक्लेव्ह टेप असते? मी एवढंच विचारलं, मावशी पट्टी कुणी बांधली हो. ती म्हणाली लॅबमधल्या पोरीने, चांगली आहे बिचारी. आणि मग रडायलाच लागली.

झालं असं होतं की आदल्या दिवशी संध्याकाळी पाचला कॉरिडॉरमधल्या डब्यातली पिशवी भरली होती म्हणून तिने हाताने दाबली, आत तुटकी पाश्चर पिपेट होती, म्हणजे थेंब थेंब सोडायची बारीक नळी, काचेची, ती पिशवीतून आरपार अंगठ्याखाली गेली. त्या लॅबमध्ये माणसांच्या रक्ताच्या सॅम्पलवर काम चालतं. म्हणजे २१ तास उलटून गेलेले आणि एचआयव्हीसाठीचं पीईपी (लागण होऊ नये म्हणून द्यायची औषधं) सुरू करायचं तर ७२ तासांच्या आत, आणि खरं म्हणजे पहिल्या दोन तासांत जितकं लवकर तितकं चांगलं. हे पाठच करून ठेवा. टोचलं की साबण-पाण्याने धुवायचं, दाबून रक्त काढत बसायचं नाही, चोखायचं तर नाहीच, आणि सरळ हॉस्पिटल. मी रिक्षा बोलावली आणि तिला घेऊन गेले, चौकशी बिवकशी सगळं नंतर. तिथे २८ दिवसांच्या गोळ्या सुरू झाल्या, धनुर्वाताचं इंजेक्शन झालं, आणि डॉक्टरांनी अंगठा वाकवायला सांगितला तेव्हा तो वाकलाच नाही. आतली शीर, म्हणजे टेंडन, कापली गेली होती. ऑपरेशन, आणि सहा आठवडे घरी.

आता त्या 'घरी पडून' या दोन शब्दांची किंमत बघा. मावशी ईएसआयसीमध्ये (कामगारांच्या सरकारी विम्यात) होती, सफाई-सिक्युरिटीचे बहुतेक कंत्राटी लोक असतात, २१,००० पर्यंत पगाराची मर्यादा आहे. घरी लागलं म्हटलं तर तो साधा आजार, पगाराच्या ७० टक्के मिळणार, तेही वर्षाला ९१ दिवसांपर्यंत आणि आधीची वर्गणी पुरेशी भरलेली असेल तर. कामावर लागलं म्हटलं तर ९० टक्के, जोपर्यंत काम करता येत नाही तोपर्यंत, आणि वर्गणी किती दिवस भरली हे कोणी विचारत नाही. दिवसाला ६०० धरले तर ४२० की ५४०. बेचाळीस दिवसांचा फरक पाच हजार चाळीस रुपये होतो. आणि उद्या अंगठा कायमचा अधू राहिला तर मेडिकल बोर्डासमोर उभं राहायला कामावरच्या अपघाताचा कागद लागतो, घरी पडलेल्याला तिथे कोण विचारणार. सुपरवायझर काही राक्षस नव्हता हो, त्याला वाटत होतं की अपघात दाखवला तर पुढचं टेंडर जाईल आणि भरपाई त्याच्या मालकाच्या खिशातून जाईल. त्याला अर्धा तास बसवून सांगितलं की बाबा ईएसआयसीत आहे म्हणजे पैसे ईएसआयसी देणार, तुझा मालक नाही, तुला फक्त नोंदवहीत लिहायचंय आणि अपघाताचा फॉर्म १२ ताबडतोब पाठवायचाय. तो म्हणाला, हे आम्हाला कोणी सांगितलंच नाही. खरंच कोणी सांगितलं नव्हतं.

एक गोष्ट इथेच सांगून टाकते कारण मुंबईत ती रोज लागते. कामावर येता-जाताना झालेला अपघातही, वेळ आणि रस्ता कामाशी जुळत असेल तर, कामावरचा धरतात, ईएसआय कायद्यात २०१० मध्ये तशी तरतूद आली. म्हणजे फर्स्ट शिफ्टला येताना कुर्ल्याला लोकलमधून कोणी पडलं तर 'आवाराबाहेर झालं, आपला संबंध नाही' असं लिहून मोकळं व्हायचं नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लेबर कोड लागू झालेत, १९२३ चा भरपाई कायदा आणि १९४८ चा ईएसआय कायदा दोन्ही सामाजिक सुरक्षा संहितेत गेलेत, तर इंटरव्ह्यूला जाताना जुनी नावं आणि नवीन घर दोन्ही माहीत असू द्या.

चौकशीचं म्हणाल तर ती मी दुसऱ्या दिवशी सुरू केली आणि तिथे एक चूक केली, तिसऱ्या मजल्यावरचा डबा रात्रीच रिकामा झाला होता. पेशंट हॉस्पिटलला पाठवला की लगेच कुणाला तरी सांगा, त्या जागेला हात लावू नका, फोटो काढा, आणि सीसीटीव्हीचं फुटेज त्याच दिवशी मागून घ्या कारण आमच्याकडे पंधरा दिवसांनी त्याच्यावर नवीन चढतं. मला फुटेज मिळालं म्हणून निभावलं. ती टेप लावणारी पीएचडीची मुलगीही आपणहून लिहून द्यायला आली, फक्त गाइडला सांगू नका म्हणाली. मी सांगितलं नाही, पण रिपोर्टमध्ये तिचं म्हणणं तिच्याच शब्दांत घेतलं. जबाब घेताना हे एवढं करा, एकेकाला वेगळं बसवा, पाणी द्या, आणि 'तू असं का केलंस' असं विचारू नका, 'काल पाच वाजल्यापासून काय काय झालं' असं विचारा. का म्हटलं की माणूस वकील होतो.

विभागातून आलेल्या पहिल्या रिपोर्टमध्ये कारणाच्या रकान्यात होतं 'कामगाराचा निष्काळजीपणा'. हा शब्द दिसला की समजायचं चौकशी झालेलीच नाही. पाच वेळा 'का' विचारायची पद्धत कोर्समध्ये शिकवतात, टोयोटावाल्यांची, ती परीक्षेत लिहायला सोपी आहे पण जिन्यात उभं राहून करायला मजा येते. काच साध्या पिशवीत का आली? कारण काचेचा निळा डबा भरलेला होता. २०१६ च्या बायोमेडिकल वेस्टच्या नियमांत काचेला निळी खूण असलेला, भोक न पडणारा डबा आणि सुयांना पांढरा असं स्पष्ट आहे, पण आमच्या त्या मजल्यावर निळा डबा एकच होता. दुसरा का नाही? इंडेंट, म्हणजे सामानाचा मागणीअर्ज, तीन महिने स्टोअरमध्ये पडून. का? रेट कॉन्ट्रॅक्ट (ठरलेल्या भावाने पुरवठ्याचा करार) संपलेलं. इथपर्यंत माझं मला समाधान झालं होतं, रिपोर्ट लिहायलाही घेतला होता.

मग मावशीला बघायला तिच्या घरी गेले तेव्हा सहज विचारलं, पण पिशवी दाबली कशाला, दुसरी लावायची ना. ती म्हणाली, ताई एका मजल्याला दिवसाच्या चारच पिशव्या मिळतात, पाचवी मागितली की ओरडा बसतो.

चार पिशव्या. तीन लॅब, दोन टॉयलेट, एक स्टाफरूम. हे कुठल्याही चेकलिस्टमध्ये नव्हतं आणि एचओडींना, रजिस्ट्रार ऑफिसला, मला, कुणालाच माहीत नव्हतं, कारण पिशव्या कंत्राटदार देतो आणि कंत्राटाच्या रकमेत त्या धरलेल्या असतात म्हणून तो मोजून देतो. नियम शिकवून काय होणार होतं, हाताने दाबू नका असा बोर्ड लावला असता तर तिने तो वाचून पुन्हा दाबलंच असतं. मी रिपोर्टमध्ये कारण म्हणून पिशव्यांचा हिशोब टाकला. मीटिंगमध्ये एक सर हसले, म्हणाले पिशव्यांवर चौकशी समिती बसवली का. बसवली की. पुढच्या महिन्यापासून पिशव्या विद्यापीठाच्या स्टोअरमधून द्यायला लागले आणि निळे डबे प्रत्येक लॅबमध्ये आले.

विद्यार्थ्यांचं प्रकरण वेगळं आणि मला विचाराल तर जास्त अवघड. पीएचडीचा विद्यार्थी कायद्याच्या भाषेत कर्मचारी नाही, ईएसआयसी नाही, त्याला भरपाई कायदा लागत नाही, असेल तर संस्थेचा ग्रुप इन्शुरन्स, आणि त्याची मुदत संपलीय का हे नोकरीला लागल्यावर पहिल्या महिन्यात जाऊन बघा, प्लीज. शिवाय तो गाइडला घाबरतो. डोळ्यात काही उडालं तर पंधरा मिनिटं आयवॉशखाली (डोळे धुवायच्या नळाखाली) उभं राहायचं असतं, पोरं दोन मिनिटांत 'ठीक आहे मॅम' म्हणून परत बेंचवर, कारण रिअ‍ॅक्शन चालू असते. म्हणून मी इंडक्शनला धडकी भरवणारे फोटो दाखवत नाही, एकच गोष्ट सांगते. हवाई विद्यापीठात मार्च २०१६ मध्ये हायड्रोजन आणि ऑक्सिजन असलेल्या टाकीचा स्फोट झाला आणि एका संशोधक बाईंचा हात गेला. त्याच्या आदल्याच दिवशी तिथे लहान टाकीत छोटा स्फोट झाला होता, काही फुटलं नाही, कोणाला लागलं नाही. चौकशीत पुढे आलं ते की तो आदल्या दिवसाचा प्रसंग धोक्याची सूचना म्हणून कोणी घेतलाच नाही. आपल्याकडे डिसेंबर २०१८ मध्ये बंगळुरूच्या आयआयएससीत स्फोट होऊन एक संशोधक गेला, ते पोरांना माहीत असतं, पण 'आदल्या दिवशी काही लागलं नाही' हे ऐकल्यावर वर्ग जरा शांत होतो. लागलं नाही ते पण लिहायचं, त्याला निअर मिस म्हणतात, आणि आमच्या फॉर्मवर मी नाव लिहिणं ऐच्छिक ठेवलंय. पहिल्या वर्षी तीन आले, त्यातले दोन माझ्याच हस्ताक्षरात. आता महिन्याला सात-आठ येतात, त्यातला एखादा 'कॅन्टीनचा समोसा' असा पण असतो, चालायचंच.

अजून थोडं सटरफटर. मराठी-हिंदी दोन्ही नीट बोलता आलं पाहिजे, जबाब इंग्रजीत घेऊन काही उपयोग नाही, आणि जबाब वाचून दाखवल्याशिवाय सही घेऊ नका. भाजणं, स्फोट असं काही असेल तर हॉस्पिटल एमएलसी (पोलिसांना कळवायची मेडिको-लीगल केस) करणार, पोलीस फोन करणार, घाबरायचं नाही, जे माहीत आहे तेवढंच सांगायचं. वेळ लिहिताना 'संध्याकाळी' लिहू नका, ५:१० लिहा. खिशात छोटी वही ठेवा, मोबाइलवर टाइप करत बसलात की समोरच्याला वाटतं व्हॉट्सअ‍ॅप चाललंय. पगार फार्मा कंपनीपेक्षा कमी आहे, हे आधीच सांगितलेलं बरं.

मावशी परत आली, अंगठा पूर्ण वाकत नाही अजून, फिजिओला जायचं म्हणजे तिला अर्धा दिवस जातो. एप्रिलमध्ये सफाईचं कंत्राट बदललं, नवीन माणूस आला, पिशव्या पुन्हा कंत्राटात गेल्या, आमच्याच कुणीतरी फाइलवर 'खर्चात बचत' असं लिहून सही केलेली. परवा तिसऱ्या मजल्यावर गेले तर मावशीने हातातल्या पिशव्या मोजून दाखवल्या. पाच होत्या. सहाव्यासाठी इंडेंट टाकलाय.