स्पाइक-इनची नळी उघडण्याआधी

काटोल-नरखेडच्या संत्रा बागांतून पानं आणून जनुकांची अभिव्यक्ती, म्हणजे कोणत्या जनुकाच्या किती आरएनए-नकला बनतात ते, मोजायला बसणाऱ्या आमच्या नव्या मुलामुलींसाठी ही तयारी लिहून ठेवते आहे. स्पाइक-इन म्हणजे मोजणीचं माप म्हणून नमुन्यात ठरलेल्या प्रमाणात मिसळायचा बाहेरचा आरएनए; ही तयारी त्याचीच. पानं बर्फात येऊन पडली की मग विचार करायला उसंत नसते. म्हणून हे सगळं आदल्या आठवड्यातच उरकायला हवं.

सगळ्यात आधी वहीत एक ओळ लिहा: मोजणी कशामागे करायची? एक ग्रॅम पानामागे, एका चकतीमागे, की एक मायक्रोग्रॅम आरएनएमागे? माझ्या पहिल्या प्रयोगात मी हे ठरवलंच नव्हतं. सगळ्या नमुन्यांतला आरएनए आधी सारखा करून घेतला आणि मग बाहेरचा आरएनए मिसळला. रोगट पानात एकूण आरएनएच कमी-जास्त झाला असेल, तर तो फरक मी माझ्याच हाताने पुसून टाकला होता. तीन महिन्यांच्या कामातून तेवढं एक उत्तर कायमचं गेलं. २०१२ साली कर्करोगाच्या पेशींवरच्या एका अभ्यासात नेमकं हेच दिसलं. सी-मिक हे जनुकं चालवणारं प्रथिन जास्त असलेल्या पेशींत बहुतेक सगळ्याच चालू जनुकांचा आरएनए वाढलेला असतो. पण दोन्हीकडून सारखाच आरएनए घेऊन मोजलं, की काही जनुकं वर, काही खाली, असं भलतंच चित्र येतं. पेशी मोजून त्या प्रमाणात बाहेरचा आरएनए टाकला, तेव्हा खरं काय ते कळलं.

आपल्याकडे आणखी एक पेच आहे. ग्रीनिंग हा संत्र्याचा जिवाणूजन्य रोग झालेल्या पानात स्टार्च साठत जातो, पान जाड आणि कडक होतं. म्हणजे ग्रॅममागचा हिशेबही फसवू शकतो. म्हणून मी पंचने एकाच मापाच्या चकत्या पाडते, शिर टाळून, आणि प्रत्येक नळीत मोजून तेवढ्याच टाकते. तुम्ही वेगळं ठरवलंत तरी चालेल, पण ठरवा आधी आणि कारणही लिहा.

आता स्पाइक-इनचं मिश्रण. ईआरसीसी हा असे बाहेरचे आरएनए ठरवणारा गट २००३ साली अमेरिकेतल्या एनआयएसटी या मापन संस्थेच्या आधाराने उभा राहिला. बाजारात मिळणाऱ्या त्यांच्या मिश्रणात ९२ वेगवेगळे आरएनए असतात. त्यांतला सगळ्यात विरळ आणि सगळ्यात दाट यांच्यात सुमारे दहा लाख पटींचा फरक असतो. मिक्स १ आणि मिक्स २ मध्ये तेच ९२ आरएनए असतात, मात्र २३-२३ च्या चार गटांत त्यांची प्रमाणं ४, १, ०.६७ आणि ०.५ अशी बदललेली असतात. निरोगी आणि रोगट नमुन्यांची तुलना प्रमाणित करायची असेल तर सगळीकडे एकच मिक्स वापरा. पटींतला फरक आपल्याला अचूक पकडता येतो का, हे तपासायचं असेल तरच दोन्ही घ्या, आणि कोणत्या नळीत कोणतं गेलं ते त्याच क्षणी लिहा.

मिश्रणाचे छोटे-छोटे वाटे करून उणे ८० अंशांना ठेवा, एका दिवसाला एक. पुन्हा पुन्हा वितळवून गोठवलेला आरएनए तुटतो. पातळ द्रावण त्याच दिवशी बनवा आणि उरलेलं फेकून द्या, कारण इतका विरळ आरएनए प्लास्टिकला चिकटून कमी होतो. सगळ्या नमुन्यांना पुरेल असं एकच द्रावण करा. एक मायक्रोलिटरपेक्षा कमी उचलू नका, तिथे हाताची चूकच मोजणी होऊन बसते. किती टाकायचं यासाठी दोन-तीन नमुन्यांवर आधी चाचणी घ्या. सिक्वेन्सिंगमध्ये, म्हणजे आरएनएचा क्रम वाचताना, मिळालेल्या एकूण तुकड्यांपैकी (रीड्सपैकी) एक-दोन टक्के या आरएनएचे आले की मी समाधानी असते.

टाकायची जागा मात्र पक्की लक्षात ठेवा. स्पाइक-इन थेट पानाच्या पुडीवर टाकू नका, उघडा आरएनए पानातल्या आरएनेज या आरएनए तोडणाऱ्या विकराच्या तावडीत काही सेकंदांत संपतो. पूड आधी ६५ अंशांच्या सीटॅब बफरमध्ये (पेशी फोडणाऱ्या द्रावणात) मिसळा आणि लगेच, त्याच पायरीला, प्रत्येक नळीत स्पाइक-इन टाका. पुढे लिथियम क्लोराइडने आरएनए खाली बसवताना आखूड तुकडे मागे राहतात. आपल्या ९२ पैकी सगळ्यात आखूड सुमारे २५० अक्षरांचे आहेत, त्यांच्यावर वेगळी नजर ठेवा. या ९२ आरएनएच्या टोकाला असलेल्या पॉली-ए शेपट्याही (ए या एकाच अक्षराची ओळ) पानातल्या आरएनएपेक्षा आखूड असतात. म्हणून शेपटीला धरून आरएनए वेचायचा (पॉली-ए निवड) की पेशीत सगळ्यात जास्त असलेला रायबोसोमल आरएनए काढून टाकायचा, हे सगळ्या नमुन्यांसाठी एकच ठरवा आणि मध्येच बदलू नका.

मे महिन्यात इथे पारा ४५ च्या आसपास असतो. कूलरचा झोत टेबलावर येऊ देऊ नका. तो धूळ आणि पाण्याचे तुषार दोन्ही आणतो. कपाळावरचा घाम हातमोज्याने पुसलात, तर मोजे तिथेच बदला. त्वचेवर आरएनेज असतंच. वीज गेली तर उणे ८० चं दार उघडायचं नाही, ही सूचना फ्रीजवर चिकटवा. सिक्वेन्सिंगला पार्सल शुक्रवारी पाठवू नका, ड्राय आइस शनिवार-रविवारच्या उन्हात संपून जातो.

शेवटी संगणकाकडे. या ९२ आरएनएचे क्रम संत्र्याच्या जीनोमच्या फाइलला आधीच जोडा, नाहीतर ते रीड्स न जुळलेले म्हणून टाकून दिले जातील. सिक्वेन्सिंग करणाऱ्यांनाही तसं लिहून कळवा. निकाल आला की पहिला आलेख टाकलेल्या प्रमाणाचा आणि मिळालेल्या रीड्सचा काढा, दोन्ही अक्ष लॉगमध्ये. रेषा खालच्या टोकाला जिथे विस्कटते, त्याखालच्या तुमच्या जनुकांबद्दल काही बोलू नका.