व्हिडिओ पोकरचे पे टेबल वाचताना या चुका टाळा

व्हिडिओ पोकर म्हणजे मिळालेल्या पाच पत्त्यांपैकी नको ते एकदा बदलून चांगला ‘हात’ (पाच पत्त्यांचा संच) जुळवण्याचा यंत्रावरचा खेळ. त्याच्या दोन यंत्रांवर खेळाचे नाव एकच आणि पडद्याची मांडणीही सारखीच असली, तरी दीर्घकाळात खेळाडूला परत मिळणाऱ्या रकमेत मोठी तफावत असू शकते. हा फरक पत्त्यांच्या वाटपातून येत नाही. अमेरिकेतील नेव्हाडा राज्याच्या नियमांनुसार यंत्रातील प्रत्येक पत्ता खऱ्या ५२ पत्त्यांच्या जोडात जितक्या शक्यतेने आला असता तितक्याच शक्यतेने यावा लागतो. त्यामुळे तेथे चालकाला परतावा कमी करायचा असेल तर पे टेबलमधील, म्हणजे कोणत्या हाताला किती नाणी मिळतात ते सांगणाऱ्या तक्त्यातील, आकडे बदलावे लागतात. ते आकडे पडद्यावर उघड असतात. स्लॉट मशीनच्या खेळाडूला अशी सोय नसते, म्हणून टेबल न वाचताच पहिले बटण दाबणे ही मला सर्वांत महागडी चूक वाटते.

जे टेबल पाहतात त्यांची नजर बहुधा रॉयल फ्लशच्या (एकाच चिन्हाचे दहा ते एक्का) ओळीवर जाते. पाच नाणी लावल्यास तिथे बहुतेक यंत्रांवर ४,००० नाणी, म्हणजे नाण्यामागे ८००, लिहिलेली असतात, आणि म्हणूनच ती ओळ फारसे काही सांगत नाही. ‘जॅक्स ऑर बेटर’ (किमान गुलामांची जोडी आली की पैसे मिळतात) या मूळ प्रकारात पाहायच्या त्या ओळी फुल हाउस (एका मूल्याचे तीन आणि दुसऱ्याचे दोन पत्ते) आणि फ्लशच्या (एकाच चिन्हाचे पाच पत्ते). नाण्यामागे फुल हाउसला ९ आणि फ्लशला ६ मिळत असतील (म्हणजे ‘९-६ टेबल’), तर अचूक खेळ करणाऱ्याचा अपेक्षित परतावा ९९.५४ टक्के असतो. ८ आणि ५ असतील तर ९७.३० टक्के, आणि ६ व ५ असतील तर सुमारे ९५ टक्के. कारण सरळ आहे. हे दोन्ही हात प्रत्येकी सुमारे १.१ टक्के डावांत येतात, म्हणून कोणत्याही एका ओळीतला एक आकडा घटला की परतावाही जवळपास तेवढाच घटतो. तासाला ६०० डाव आणि प्रत्येक डावाला ५ नाणी धरली, तर ३,००० नाण्यांवरचे अपेक्षित नुकसान पहिल्या टेबलवर सुमारे १४, दुसऱ्यावर ८१ आणि तिसऱ्यावर १५० नाणी होते.

मात्र ही मोजपट्टी प्रत्येक खेळाला लावणे ही दुसरी चूक. ‘बोनस पोकर’मध्ये ८ आणि ५ हेच आकडे ९९.१७ टक्के परतावा देतात, कारण तिथे चार एक्क्यांना २५ ऐवजी ८० आणि चार दुऱ्या, तिऱ्या किंवा चौक्यांना ४० मिळतात. ‘ड्यूसेस वाइल्ड’मध्ये (यात दुरी कोणत्याही पत्त्याच्या जागी चालते) तर आधी फोर ऑफ अ काइंडची, म्हणजे एकाच मूल्याच्या चार पत्त्यांची, ओळ पाहावी, तो हात साधारण साडेसहा टक्के डावांत येत असल्याने तिथला ५ चा ४ झाला की परतावा सुमारे सहा टक्क्यांनी खाली येतो.

पाचपेक्षा कमी नाणी लावली, तर रॉयल फ्लशला नाण्यामागे ८०० ऐवजी २५० च मिळतात आणि ९-६ टेबलचा परतावा ९८.३७ टक्क्यांवर उतरतो. यावर कमी किमतीच्या नाण्याच्या यंत्रावर पाच नाणी लावण्याचा सल्ला दिला जातो. तो बरोबर आहे, पण त्या यंत्राचे टेबलही तितकेच चांगले असेल तरच. ८-५ टेबलवर पाच नाणी लावण्यापेक्षा ९-६ वर एकच नाणे लावणाऱ्याचा परतावा अधिक असतो, ही बाब पुष्कळदा नजरेआड होते.

टेबल बदलले तरी खेळण्याची पद्धत तीच ठेवणे, ही चूक सरावलेल्यांकडूनही होते. हातात तीन एक्के आणि दोन बादशहा आहेत असे समजा. जॅक्स ऑर बेटरमध्ये हे फुल हाउस मोडणे चूक आहे: ठेवले तर ९ मिळतात, आणि तीन एक्के ठेवून दोन पत्ते बदलले तर सरासरी ४.३१. पण ‘डबल बोनस’च्या १०-७ टेबलवर चार एक्क्यांना १६० मिळतात. बदलून येणाऱ्या पत्त्यांच्या १,०८१ जोड्यांपैकी ४६ मध्ये चौथा एक्का असतो, ६७ मध्ये पुन्हा फुल हाउस होते आणि उरलेल्या ९६८ मध्ये तीन एक्क्यांचे ३ मिळतात, सरासरी १०.११ येते, म्हणजे हातातल्या १० पेक्षा जास्त. म्हणून तिथे तयार हात मोडणेच योग्य.

“चांगले टेबल निवडूनही परतावा कमीच येतो” अशी तक्रार असेल, तर आधी रॉयल फ्लशचा हिशेब पाहावा. तो हात सरासरी ४०,००० डावांत एकदा येतो आणि जवळपास दोन टक्के परतावा त्यात अडकलेला असतो. तो येईपर्यंत ९-६ टेबलही अचूक खेळणाऱ्याला साधारण साडेसत्त्याण्णव टक्केच देते. प्रोग्रेसिव्ह यंत्रांवर रॉयल फ्लशची हीच एक रक्कम वाढत जाते, पण ८-५ टेबलची उणीव भरून निघायला ती ४,००० च्या दुपटीहून अधिक व्हावी लागते.

एकाच यंत्रावर अनेक खेळ आणि नाण्यांच्या अनेक किमती असतील, तर किंमत बदलताच त्याच नावाच्या खेळाचे टेबलही बदलू शकते. म्हणून प्रत्येक बदलानंतर त्या खेळाच्या महत्त्वाच्या ओळी पुन्हा वाचाव्यात.